मोठीला सांगाडा व्हायचंय, धाकटा मुखवटा पाहून रडतो: पहिल्या हॅलोवीनला दोघांना कसं न्यायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही उलटसुलट समजले असेन तर लगेच सांगा. ऑगस्टमध्ये पुण्याहून न्यू जर्सीत आलात. मुलगी साडेसहा वर्षांची, पहिलीत. वर्गातल्या मैत्रिणींचं ऐकून तिला सांगाडा व्हायचंय आणि अंधार पडल्यावरच दारोदार फिरायचंय. मुलगा पावणेतीन वर्षांचा. दुकानात टांगलेला मुखवटा बघून तो इतका रडला की सामानाने भरलेली ढकलगाडी तिथेच सोडून तुम्हाला बाहेर यावं लागलं. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत, आणि भुताखेतांची सोंगं काढून लोकांच्या दारात मागायला जाणं त्यांना मुळीच पसंत नाही. तर यंदा जावं, की हा विषय पुढच्या वर्षावर ढकलावा?

जा. मी एकोणीस वर्षं इथल्या एका प्रीस्कूलमध्ये अडीच ते चार वर्षांच्या मुलांचा वर्ग घेते. दर ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोवीनच्या दिवशी, माझ्या वर्गात चार-पाच सुपरहिरो तरी धाय मोकलून रडत असतात. घरची दोन मुलंही यातून गेली, आता कॉलेजात आहेत. त्यामुळे पुढचं सगळं वर्गातल्या आणि घरातल्या अनुभवातून आलेलं आहे.

तुम्ही प्रश्न तीन विचारलेत, पण माझ्या मते अडचण एकच आहे. साडेसहा वर्षांच्या मुलीची हौस आणि पावणेतीन वर्षांच्या मुलाचे पाय, या दोघांना आपण एकाच संध्याकाळीत कोंबायला बघतो. भाऊबहीण म्हणजे हातात हात घालून फिरणार, फोटो गोड येणार, असं चित्र आपल्या मनात असतं. मीही ते मनात धरूनच निघाले होते. पहिल्या वर्षी तिसऱ्याच घराच्या पायरीवर एक हलणारा सांगाडा होता. पाय पडला की डोळे लाल व्हायचे आणि तो खदखदून हसायचा. माझा मुलगा सिंह झाला होता. तो सिंह माझ्या गळ्याला असा काही लटकला की घरी जाईपर्यंत सुटला नाही. नवरा कामावर, मी एकटी, म्हणून मुलीलाही परत फिरावं लागलं. तिच्या पिशवीत तीन चॉकलेटं होती. ती दारात बसून रडली आणि रात्री झोपताना म्हणाली, "पुढच्या वर्षी याला आणू नकोस." चूक तिची नव्हती आणि त्याचीही नव्हती. बेत मी आखला होता.

तेव्हा एकच करा, संध्याकाळ दोन भागांत तोडा. पहिला फेरा उजेडात, दोघांचा. दुसरा अंधारात, फक्त मोठीचा. बाकीच्या गोष्टी याच्यामागून येतात.

हे कसं जमेल ते तुम्ही कुठे राहता त्यावर अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. स्वतंत्र घरांची वस्ती असेल तर सोपं आहे. दाराबाहेरचा दिवा चालू असेल तर बेल वाजवायची, बंद असेल तर त्या घरी जायचं नाही, हा अलिखित नियम इथे लहान मुलंही पाळतात. अपार्टमेंटमध्ये असाल तर पुष्कळ ठिकाणी खाली एक कागद लावतात आणि ज्यांना मुलं यायला हवी आहेत ते त्यावर आपला नंबर लिहितात. तसा कागद नसेल तर व्यवस्थापनाच्या ऑफिसात विचारा. काही गावं फिरायच्या वेळाही ठरवून देतात, शेजाऱ्यांना त्या ठाऊक असतात. शाळेचं वेगळंच. कुठे मिरवणूक असते, कुठे मुखवटे आणि खोटी हत्यारं चालत नाहीत, कुठे हॅलोवीन साजराच करत नाहीत. शाळेची चिठ्ठी नीट वाचल्याशिवाय सांगाड्यावर पैसे घालू नका.

आता धाकट्याची भीती. ती मोडून काढायच्या मागे लागू नका, या वयात ती असायचीच. १९६९ साली ऱ्हेटा डीव्रीस या मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांच्याकडे मेनार्ड नावाचं एक फार सोशिक मांजर होतं. मुलांना आधी ते मांजर दाखवायचं. मग त्याचं तोंड आडोशाला धरून, शेपूट मुलांच्या समोरच ठेवून, त्याला कुत्र्याचा मुखवटा चढवायचा. आडोसा काढून विचारायचं, हे काय आहे? तीन वर्षांची बरीच मुलं म्हणाली, कुत्रा. काहींना तर ते चावेल अशी भीती वाटायला लागली. सहा वर्षांच्या बहुतेकांना कळत होतं की मुखवटा कुठलाही असो, आत मांजरच आहे. तुमच्या घरात या प्रयोगाची दोन्ही टोकं एका छताखाली राहतात. मुलीला सांगाड्यात गंमत दिसते कारण आत आपण आहोत हे तिला पक्कं ठाऊक आहे. मुलाला मात्र मुखवटा घातला की ताईच नाहीशी झाली असं वाटू शकतं. "अरे, खोटं आहे ते, घाबरतोस काय" हे वाक्य म्हणूनच त्याच्यापर्यंत पोचत नाही.

त्याला पोचतं ते होताना पाहिलेलं. वर्गात मी मुखवटा आधी चेहऱ्यावर चढवतच नाही. कागदी थाळीला डोळ्यांची भोकं पाडून खाली काडी लावते आणि थाळी गालाशेजारी धरते, म्हणजे मी आणि वाघ दोघंही एकदम दिसतो. मग क्षणभर चेहऱ्यासमोर आणते आणि लगेच बाजूला करते. तिसऱ्या-चौथ्या वेळेला कोणीतरी ओरडतं, "पुन्हा!" मग मुखवटा मुलांच्या हुकमावर चालतो. ती 'काढ' म्हणाली की काढायचा. एक सेकंदही जास्त ताणायचं नाही, नाहीतर सगळं मुसळ केरात. घरी हे बाबांवर करा. त्याआधी दोन दिवस मुखवटा पितळी तांब्यावर चढवून हॉलच्या कोपऱ्यात ठेवला तरी चालेल. तांब्याला कोणी फार घाबरत नाही.

सांगाड्याबद्दल म्हणाल तर मुलीला मुखवटा घेऊच नका, तोंड रंगवा. मुखवट्यातून बाजूचं दिसत नाही, श्वासाने आतून ओला होतो आणि दहाव्या घरापर्यंत तो तुमच्या हातात येतो. तोंडाला लावायचा रंग आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, लाल झालं तर वेळीच कळेल. आणि रंगवताना धाकट्याला मांडीवर घेऊन बसा. ताईचे डोळे काळे होताना, ओठांवर दात उमटताना त्याने बघू दे. एक रेघ त्याला ओढू द्या. वाकडी येईल, येऊ द्या. जो सांगाडा आपण काढला त्याला घाबरायचं कशाला?

धाकट्याला काय करावं? माझ्या वर्गात एका वर्षी बहीण सांगाडा होती आणि भाऊ कुत्र्याचं पिल्लू, कारण हाडं म्हटली की पिल्लू मागे लागणारच. कल्पना बहिणीचीच होती. तुमच्या मुलीला अशी जोडी पटली तर झकास, पण गळ्यात मारू नका. साडेसहाव्या वर्षी "मला याच्यासारखं नकोय" हे म्हणायचा तिला हक्क आहे. पिल्लाला राखाडी हुडी, तिच्यावर शिवलेले दोन कान आणि नाकावर काळा ठिपका, एवढं पुरे. दुकानातला पाठीमागे चेन असलेला अखंड पोशाख दिसायला गोड असतो, पण त्यात संध्याकाळी सहा वाजता रस्त्यात शू लागली की आईबापांचं काय होतं ते मी पुष्कळदा पाहिलंय. कपडे आठवडाभर आधीपासून घरात घालू द्या. मानेमागची टोचणारी पट्टी कापून टाका. बूट रोजचेच. पायघोळ काही असेल तर घोट्याच्या वर दुमडून टाके घाला, आणि विकत घेतलंत तर लगेच पेट घेणार नाही असं लेबलवर लिहिलंय का ते बघा, कारण काही पायऱ्यांवर अजून खऱ्या मेणबत्त्या असतात.

थंडीचं आत्ताच बोलून ठेवते. ऑक्टोबरच्या शेवटी संध्याकाळी इथे दहा-बारा अंश, कधी त्याहून कमी. दरवर्षी प्रत्येक गल्लीत एक राजकन्या "कोट घातला तर मी राजकन्या दिसत नाही" म्हणून रडत उभी असते, आणि तिचं बरोबर असतं. पोशाख एक माप मोठा घ्या आणि थर्मल आतून घाला.

आता ती संध्याकाळ. ३१ तारखेला न्यू जर्सीत सूर्य सहाच्या जरा आधी मावळतो. इथे हिवाळ्यासाठी सगळे घड्याळ एक तास मागे करतात. २००७ पासून तो दिवस नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी गेला, म्हणून हॅलोवीनला तेवढा एक तास उजेड जास्त मिळतो. तो धाकट्याचा तास. दुपारची झोप झालेली असावी आणि साडेचारला दोघांनी पोटभर जेवून घ्यावं. वरणभात चालेल, पोट भरलेलं असलं की चॉकलेटांवर झडप कमी पडते. पावणेपाचला निघा. चार-पाच घरं बस्स, आणि ती ओळखीची. आदल्या दिवशी उजेडात गल्लीतून एक चक्कर मारून धूर सोडणारी, किंचाळणारी, हात हलवणारी घरं हेरून ठेवा आणि या फेऱ्यात ती गाळा. धाकटा दारापर्यंत जायला तयार नसेल तर तुमच्याबरोबर पायऱ्यांखाली उभा राहू दे, ताई दोघांसाठी मागेल. 'ट्रिक ऑर ट्रीट' हे दारात म्हणायचं वाक्य त्याला म्हणता आलं नाही तरी कोणी काही म्हणत नाही. नुसता हात हलवला तरी लोक विरघळतात. आणि तो चांगला खुशीत असेल तेव्हाच परत फिरा. आपण नेमकं उलटं करतो. मजेत आहे म्हणून अजून दोन घरं, अजून दोन, आणि मग रडारड.

त्याला घरी पोचवलं की दुसरा फेरा सहानंतर, मोठी आणि तुमच्यापैकी एकजण. आता ती गाळलेली भीतिदायक घरं तिची. तिला अंधार हवाय तो हाच. तास-सव्वा तास पुरतो. घरात मोठं माणूस एकच असेल तर वर्गातल्या एखाद्या कुटुंबाशी बोलून ठेवा. त्यांच्याबरोबर मोठी जाईल आणि त्यांचं धाकटं तुमच्याकडे बसेल.

लोक विषारी कँडीला घाबरतात, मी रस्त्याला घाबरते. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या धुंडाळल्या. अनोळखी घरून मिळालेल्या, मुद्दाम विष घातलेल्या कँडीने मूल दगावल्याची एकही खात्रीलायक घटना त्यांना सापडली नाही. रस्त्याचं तसं नाही. १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या नोंदींवरच्या एका अभ्यासात दिसलं की अमेरिकेत हॅलोवीनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आठवडाभर आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त असतो. मुलं उभ्या गाड्यांच्या मधून पलीकडच्या दारात पळतात. सांगाड्याचा पोशाख तर काळाच, आणि अंधारात चमकणारी हाडं ड्रायव्हरला दिसतील यावर विसंबू नका. पाठीवर, बाहीवर आणि पिशवीवर परावर्तक पट्टी चिकटवा, हातात टॉर्च द्या. गल्लीची एक बाजू पूर्ण करून कोपऱ्यावरच रस्ता ओलांडायचा, नागमोडी जायचं नाही. एवढा एक नियम मुलीकडून आधीच कबूल करून घ्या. मनगटातल्या चमकत्या कांड्या धाकट्याला दिल्यात तर तो त्या चावणार. आतलं पाणी तोंडात गेलं तर जळजळ होते. चूळ भरायला लावा आणि विषनियंत्रण केंद्राला फोन करा. नंबर १-८००-२२२-१२२२, चोवीस तास चालू आणि फुकट. फ्रिजवर लिहून ठेवा, हॅलोवीननंतरही लागेल.

घरी आल्यावरच खायचं, वाटेत नाही. माझ्या दोघांना फिरण्याइतकीच मजा नंतरच्या बाजारात यायची. जमिनीवर चादर अंथरायची, दोन्ही पिशव्या रिकाम्या करायच्या. उघडलेलं किंवा वेष्टन फाटलेलं बाजूला. मग धाकट्याच्या ढिगातून कडक गोळ्या, शेंगदाणे-बदाम, पॉपकॉर्न आणि चिकट मोठं टॉफी काढून घ्या. चार वर्षांखालच्या मुलांना या गोष्टी देऊ नका असं इथले बालरोगतज्ज्ञ सांगतात, घशात अडकतात म्हणून. ते ताईकडे जातं आणि बदल्यात तिने साधी मऊ चॉकलेटं द्यायची. एकास एक, भाव ठरलेला. भांडण होणारच. आमच्याकडे एकदा एका पीनट बटर कपवरून अर्धा तास पंचायत बसली होती.

तुम्ही शाकाहारी आहात असं लिहिलंय, तर गमी, मार्शमेलो आणि कँडी कॉर्नच्या पाकिटामागे जिलेटिन वाचा. ते प्राण्यांपासून काढतात. स्टारबर्स्टमध्येही इथे ते असतं. मुलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे हातातलं काढून घेताना आकांत होणार नाही. शेंगदाण्याची वगैरे ॲलर्जी असेल तर दारात निळसर-हिरवा भोपळा ठेवलेली घरं शोधा. तिथे खाऊऐवजी पेन्सिल, स्टिकर, छोटं खेळणं असं काही मिळतं. २०१४ पासून ही पद्धत देशभर पसरली आहे. दातांचं म्हणाल तर दिवसभर एकेक चघळण्यापेक्षा जेवणानंतर एकदम दोन खाऊन दात घासलेले बरे.

सासूबाई. हा भाग मी मुद्दाम मागे ठेवला, कारण वाद घालून तो सुटत नाही. त्यांच्यासमोर इतिहास पाजळू नका. पण विचारलंच तर सांगा. जुन्या काळी इंग्लंडमध्ये गोरगरीब याच सुमारास दारोदार जायचे, घरातल्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करायचे आणि त्याबद्दल छोटे केक मिळायचे. दुसऱ्याच दिवशी, १ नोव्हेंबरला संतांचा दिवस, २ तारखेला मृतांचा. पितरांच्या नावाने कुणाच्या तोंडी घास घालणं सासूबाईंना नवीन नाही. आयर्लंड-स्कॉटलंडची माणसं एकोणिसाव्या शतकात इकडे आली आणि हे घेऊन आली. तिकडे ती आत दिवा ठेवायला सलगम कोरायची, इथे भोपळा मिळाला. आणि 'मागायला जाणं' म्हणाल तर संक्रांतीला आपण डबा घेऊन दहा घरी तिळगूळ द्यायला-घ्यायला जायचोच की. कोकणात शिमग्याला सोंगं दारात येतात आणि पोस्त घेतल्याशिवाय हलत नाहीत, ते तर थेट हेच. इथेही सगळीकडे नुसतं मागणं नसतं, आयोवा राज्यातल्या डे मॉइन्स शहरात मुलांनी दारात आधी एक विनोद सांगायचा आणि मग कँडी घ्यायची अशी जुनी रीत आहे.

पण याहून उपयोगी पडतं ते त्यांना काम देणं. आठवडाभर आधी घरात रंगीत तालीम करा. बेडरूमच्या दारामागे आजी, हातात बिस्किटांचा डबा. मुलं बाहेरून टकटक करणार, आजी दार उघडणार, एक बिस्कीट देणार, मुलं थँक यू म्हणणार. मग पुन्हा. आमच्या सासूबाई तिसऱ्या फेरीपासून स्वतःच दारामागून भुताचा आवाज काढायला लागल्या. आमचा मुलगा घाबरला नाही, कारण आवाज आजीचा होता. ३१ तारखेला पहिल्या फेऱ्यानंतर तुमचा धाकटा घरी आला की त्याने आणि आजीने आपल्या दारात बसून येणाऱ्या मुलांना कँडी वाटायची. त्याला हेच काम सर्वांत आवडेल असा माझा अंदाज आहे. देणारा तो असला की समोरचा ड्रॅक्युला एकदम बापुडवाणा दिसतो. टोपलं दारात ठेवून निघून जाऊ नका, पहिले चारजणच ते रिकामं करतात.

दिवाळी जवळ आली म्हणून गोंधळ होतो असंही तुम्ही लिहिलंय. २०२४ साली नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. माझ्या वर्गात एक मुलगी उटण्याच्या वासासकट चेटकीण होऊन आली होती. तिला काही गोंधळ वाटला नव्हता.

भोपळ्याचं एवढंच, कोरायचं काम मोठ्यांनी करावं, धाकट्याला स्टिकर द्यावेत आणि आत बॅटरीचा दिवा ठेवावा. त्या भोपळ्याचे घारगे मात्र करू नका, गर धागेदार आणि बेचव असतो. घारग्यांना 'पाय पम्पकिन' म्हणून छोटा मिळतो तो आणा. मोठ्याच्या बिया धुऊन, तिखटमीठ लावून ओव्हनमध्ये भाजल्या तर सासूबाईंचंही मत जरा बदलेल.

पिशवी विकत घेऊ नका, जुना उशीचा अभ्रा सर्वांत चांगला. धाकट्याला मात्र हाताला अडकेल अशी छोटी बादली द्या, अभ्रा तो जमिनीवरून ओढत नेतो. आणि पुण्याला पाठवायचे फोटो जेवायच्या आधीच काढा. सहा वाजता पिल्लाचं नाक पुसलेलं असतं आणि सांगाड्याचा एक डोळा गालावर उतरलेला असतो.